अजिंठ्याचे यजमान : गुलाम याझदानी
(बी.कॉम., तृतीय वर्ष)

बी.कॉम. नंतर पुढे काय, हा प्रश्न आमच्या वर्गात सध्या रोज निघतो. कोणी सी.ए. करणार आहे, कोणी बँकेच्या परीक्षा देणार आहे, कोणाच्या वडिलांचे दुकान वाट पाहते आहे. मी मात्र पर्यटन आणि आतिथ्य व्यवस्थापन शिकायचे ठरवले आहे. हे घरी सांगितले तेव्हा आईने काहीच विचारले नाही, पण मामांनी लगेच विचारले की इतके शिकून शेवटी हॉटेलात ताटेच उचलायची का? हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. आपल्या समाजात डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना जो मान आहे तो पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला नाही. अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीत असे व्हावे, ही गमतीची गोष्ट आहे.

प्रत्येक विद्येला तिचे पूर्वज असतात. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सर विश्वेश्वरय्यांचा फोटो टेबलावर ठेवतो. म्हैसूरच्या या थोर पुरुषाने १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर आपल्या हैदराबादसाठी योजना आखली, हे आपण सारे जाणतो. मग पर्यटनाच्या विद्यार्थ्याने कोणाचा फोटो ठेवावा? पुस्तकांत टॉमस कुक यांचे नाव येते. १८४१ साली इंग्लंडात आगगाडीने सहल काढून त्यांनी या धंद्याचा पाया घातला. १९०३ साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांचेही नाव येते. ही माणसे मोठीच. पण मला जो माणूस सापडला तो आपल्याच शहरात राहिलेला आहे. त्याने हॉटेल काढले नाही, सहलींचा धंदाही केला नाही. तो होता पुरातत्त्व खात्याचा अधिकारी. त्याचे नाव डॉ. गुलाम याझदानी. पाहुण्याला बोलावण्याआधी घर नीट करावे लागते, हा आतिथ्याचा पहिला धडा मला त्याच्या चरित्रात मिळाला. तो धडा वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

याझदानींचा जन्म २२ मार्च १८८५ रोजी दिल्लीत झाला. सेंट स्टीफन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. अरबी आणि फारसी हे त्यांचे विषय. काही वर्षे त्यांनी कॉलेजात अध्यापन केले. जुन्या मशिदींवरचे आणि किल्ल्यांवरचे शिलालेख वाचणे हे त्यांचे खास कौशल्य होते. पुढे १९१५ पासून १९४१ पर्यंत भारत सरकारच्या अरबी-फारसी शिलालेखांच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनीच केले. थोडक्यात, हा माणूस मुळात पंडित होता. पाहुणचाराशी त्याचा दुरूनही संबंध नव्हता.

१९१४ साली हैदराबाद संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते सुरू केले. त्या वेळी भारताच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख सर जॉन मार्शल होते. नव्या खात्याच्या प्रमुखपदी याझदानींची नेमणूक झाली तेव्हा त्यांचे वय २९ वर्षांचे होते. १९४३ पर्यंत, म्हणजे पुढची २९ वर्षे, त्यांनी ते खाते चालवले.

या खात्याच्या पाठीशी जी माणसे उभी राहिली त्यांत सर अकबर हैदरी हे प्रमुख होत. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे, कारण हैदरी हे हिशेबनीस होते. १९०५ साली ते हैदराबादला आले ते महालेखापाल म्हणून. पुढे ते अर्थमंत्री झाले आणि शेवटी संस्थानचे पंतप्रधानही झाले. उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता आणि अजिंठ्याच्या रक्षणातही होता. खर्चाला कात्री लावणारा तो हिशेबनीस, असा आपला समज असतो. या हिशेबनिसाने मात्र दगडावरच्या चित्रांसाठी तिजोरी उघडून दिली.

त्या काळचे हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचे होते. आठ तेलंगणातले, पाच मराठवाड्यातले आणि तीन कन्नड मुलखातले. त्यामुळे या एका खात्याकडे केवढी संपत्ती आली पाहा. मराठवाड्यात अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि पैठण. कन्नड भागात बीदर, गुलबर्गा, मस्की आणि कोप्पळ. तेलंगणात वरंगळ, पालमपेट आणि खुद्द हैदराबाद. आपल्या या नियतकालिकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. याझदानींच्या टेबलावर हे दोन्ही विभाग आणि शिवाय तेलुगू मुलूख, सारे एकत्र मांडलेले होते.

आता अजिंठ्याकडे वळू. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला गेला असता त्याला वाघोरा नदीच्या वळणावर ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले. आज ते नाव डोक्यापेक्षा उंच दिसते. तो त्या वेळी मातीच्या आणि दगडगोट्यांच्या ढिगावर उभा होता, म्हणून. म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या आधुनिक पर्यटकाने पहिली गोष्ट कोणती केली, तर भिंत खरवडली! पुढच्या पाहुण्यांनीही फारसे वेगळे केले नाही. काहींनी नावे कोरली, काहींनी चित्रांचे तुकडे काढून नेले. त्यांपैकी एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. वटवाघळे, पावसाचे पाणी आणि आत राहणाऱ्यांच्या चुलींचा धूर यांनीही आपापले काम केले.

चित्रांच्या नकला करून घेण्याचे प्रयत्न झाले. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अनेक वर्षे तेथे राबले. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेथे जाऊ लागले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ च्या आगीत गेल्या. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असित हलदार यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार होते, म्हैसूरचे के. वेंकटप्पा होते आणि हैदराबादचे सय्यद अहमदही होते. या सय्यद अहमदांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

याझदानींनी कारभार हाती घेतला तेव्हा अशी स्थिती होती. नकला जळत होत्या आणि मूळ चित्रे गळत होती. अजिंठ्याची चित्रे कशावर काढली आहेत हे समजल्याशिवाय ही अडचण ध्यानात येत नाही. खडबडीत कातळावर माती, शेण, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला जाई. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून मग रंग भरले जात. हा गिलावा दीड हजार वर्षांत कातळापासून सुटू लागला होता. मागे पोकळी झाली की वरचे चित्र कधी खाली येईल याचा नेम नसे. एखाद्याच्या पावलांनी किंवा नुसत्या हाताच्या धक्क्यानेही पापुद्रा निखळू शकतो.

अशा ठिकाणी पाहुण्यांना बोलावणे म्हणजे पडक्या माडीवर पंगत बसवण्यासारखे होते. याझदानींनी आधी माडी सावरली. ढिगारे उपसले गेले, मोडलेल्या खांबांना आधार दिले गेले, लेण्यांना जोडणारी वाट नीट झाली. चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले. भित्तिचित्रांच्या दुरुस्तीची परंपरा त्या देशात जुनी. लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी काउंट ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळात दोन हिवाळे तेथे काम केले. सुटलेल्या गिलाव्यामागे चिकट द्रव भरून तो पुन्हा कातळाला धरवला, कडा बुजवल्या, काजळी साफ केली. आज ज्या चित्रांपुढे आपण उभे राहतो त्यांपैकी कितीतरी चित्रे या कामामुळे भिंतीवर टिकली.

यजमानपणाची दुसरी पायरी म्हणजे पाहुणा पोचावा कसा आणि राहावा कोठे. त्या काळी मुंबईकडून येणारे लोक जळगाव स्टेशनवर उतरत. हैदराबादहून येणारे, गोदावरीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या निजाम रेल्वेने औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) येत. तेथून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर. लेण्यांच्या अलीकडे फर्दापूर गावी संस्थानाचे अतिथिगृह होते. पाहुण्यांनी तेथे मुक्काम करावा, सकाळी लेण्यांकडे जावे, संध्याकाळी परत यावे. लेण्यांजवळच मुक्कामाची गर्दी झाली नाही, हे केवढे भाग्याचे! लेण्यांवर देखरेखीसाठी क्युरेटर नेमला गेला. ते म्हणजे हेच सय्यद अहमद. ज्याने तरुणपणी भिंतीसमोर बसून एकेक रेषा गिरवली होती, त्याच्याच हाती त्या भिंतीची राखण आली. पर्यटनाच्या पुस्तकात मार्गदर्शक कसा असावा यावर पानेच्या पाने असतात. मला वाटते की हे एक उदाहरण पुरेसे आहे.

तिसरी पायरी ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्यासाठी होती. याझदानींनी अजिंठ्याची चित्रे छायाचित्रांवरून छापण्याचे काम हाती घेतले. लेण्यांच्या अंधारात, त्या काळच्या यंत्रांनी रंगीत छायाचित्रे घेणे हे दिव्यच होते. ई. एल. व्हॅसी या तंत्रज्ञाने ती घेतली. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने ग्रंथाचा पहिला भाग १९३० साली काढला, दुसरा १९३३ साली, तिसरा १९४६ साली आणि चौथा १९५५ साली. पहिल्या भागाला लॉरेन्स बिनियन या प्रसिद्ध इंग्रज कलासमीक्षकाची प्रस्तावना आहे. यात नुसत्या तसबिरी नाहीत. कोणत्या भिंतीवर कोणती जातककथा आहे, राजा कोणता, दासी कोणती, कथेची सुरुवात कोठे आणि शेवट कोठे, हे याझदानींनी क्रमाने समजावून सांगितले आहे. पंचवीस वर्षे एका कामाला देणे म्हणजे काय, याची कल्पना सहा महिन्यांच्या सत्रात वावरणाऱ्या आम्हा मुलांना येणे कठीण आहे. ते काम त्यांनी निवृत्तीनंतरही सोडले नाही.

अजिंठ्याची कीर्ती तोवर जगभर पसरू लागली होती. रशियन नर्तिका ॲना पावलोव्हा हिने १९२३ साली लंडनला अजिंठ्याच्या चित्रांवर आधारलेले नृत्यनाट्य सादर केले. घरात मात्र याझदानींनी एक वेगळी सोय केली. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील संग्रहालय १९३० साली स्थापन झाले ते त्यांच्याच काळात. तेथे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचे दालन आहे. आजही नामपल्लीला उतरून कोणीही ते पाहू शकते. बहुतेक लोक तेथे इजिप्तची ममी पाहायला जातात, मीही प्रथम त्यासाठीच गेलो होतो. पण अजिंठ्याचे दालन शांत असते आणि तेथे वेळेचे बंधन नसते. ज्याला अजिंठ्याला जायचे आहे त्याने आधी येथे एक दुपार घालवावी. भिंतीवर काय शोधायचे हे कळले म्हणजे प्रत्यक्ष लेण्यात दहा मिनिटेही पुरतात.

कन्नड विभागाच्या वाचकांना आता वाटेल की आमचे काय? तर याझदानींचे खाते सुरू होऊन वर्ष होते न होते तोच, १९१५ साली रायचूर जिल्ह्यात मस्की येथे सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनिअरला एक शिलालेख दिसला. तोपर्यंत सापडलेल्या लेखांत राजाचा उल्लेख देवांचा प्रिय, प्रियदर्शी अशा बिरुदांनीच येत असे. मस्कीच्या लेखात अशोक हे नाव स्पष्ट मिळाले. एवढ्या मोठ्या सम्राटाची ओळख कन्नड मुलखातल्या एका खडकाने पटवली! एच. कृष्णशास्त्री यांनी तो लेख वाचला आणि हैदराबादच्या खात्याने तो आपल्या ग्रंथमालेचे पहिलेच पुष्प म्हणून प्रसिद्ध केला. पुढे १९३१ साली कोप्पळला गवीमठ आणि पालकीगुंडू येथेही अशोकाचे लेख सापडले. तेही याच खात्याने प्रकाशात आणले.

बीदर हे माझे आजोळ आहे. आमच्या घरी आईची भाषा कन्नड, वडिलांची मराठी आणि शाळा मराठी. त्यामुळे सुट्टीत बीदरला गेलो की मी कन्नड बोलतो. लहानपणी बीदरचा किल्ला म्हणजे आम्हाला लपंडावाची जागा होती. रंगीन महालात शिंपल्याचे जडावकाम आहे, महमूद गावानच्या मदरशाचा एक मनोरा सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात पडला, हे मला कोणी सांगितले नव्हते. याझदानींचा बीदरवरचा मोठा ग्रंथ १९४७ साली निघाला. तो ग्रंथालयात चाळताना मला आजोळच नव्याने भेटले. प्रत्येक दरवाजा, प्रत्येक बुरूज, प्रत्येक तोफ त्यात मोजून नोंदलेली आहे. अष्टूर येथील अहमदशहा बहमनीच्या कबरीला मुसलमानांप्रमाणेच लिंगायत भाविकही मानतात. आजी तेथे नमस्कार का करते, याचा उलगडा मला बीदरच्या इतिहासात मिळाला.

तेलंगणातही त्यांनी असेच काम केले. पालमपेटच्या मंदिरांवर त्यांनी १९२२ साली पुस्तिका लिहिली. त्यांतले १२१३ सालचे रामप्पा मंदिर २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. अजिंठा आणि वेरूळ १९८३ सालीच, म्हणजे भारतातल्या पहिल्या मानकऱ्यांत, त्या यादीत गेले होते. एका माणसाने जपलेल्या तीन ठिकाणांना जगाने मान्यता दिली. दोहोंत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे, पण राखण एकाच काळात सुरू झाली होती.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. निजामाच्या राजवटीबद्दल मराठवाड्यातल्या आणि कन्नड भागातल्या कितीतरी घरांत कटू आठवणी आहेत. मातृभाषेच्या शिक्षणाची हेळसांड झाली, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोकांना लढावे लागले, तुरुंग भोगावा लागला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. मग निजामाच्या एका अधिकाऱ्याचे गुण आपण का गावेत, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की लेण्यांवर खर्च झालेला पैसा कोणा एका राजाच्या घामाचा नव्हता. तो शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून आला होता. त्यात मराठवाड्याची कपाशी होती, रायचूरची ज्वारी होती, तेलंगणाचा भात होता. त्या पैशाचे चीज करणारा अधिकारी त्या शेतकऱ्याचाच विश्वस्त ठरतो. धर्माने मुसलमान असलेल्या या विद्वानाने बुद्धाच्या लेण्यांची, शिवाच्या देवळांची आणि बहमनी मशिदींची सारख्याच आस्थेने काळजी वाहिली, ही गोष्ट आज अधिकच मोलाची वाटते. १९५६ साली संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. याझदानी हैदराबादेतच राहिले. दख्खनचा प्राचीन इतिहास त्यांच्या संपादकत्वाखाली १९६० साली दोन खंडांत निघाला. राज्ये वेगळी झाली तरी त्या ग्रंथात दख्खन एकच राहिला. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६२ साली त्यांचे निधन झाले.

चरित्र लिहिताना नुसती स्तुती करणे बरे नव्हे. इटालियन तज्ज्ञांनी चित्रे उठून दिसावीत आणि टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण दिले होते. त्याआधी ग्रिफिथ्स यांच्या वेळीही वॉर्निश लावले गेले होते. काही वर्षांत हा थर पिवळा, मग तपकिरी पडला, त्यावर धूळ बसली आणि खालचे रंग झाकोळले. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. तेथल्या रसायनतज्ज्ञांना हा थर हळूहळू उतरवण्यात वर्षानुवर्षे घालवावी लागली. म्हणजे चित्रे भिंतीला धरून ठेवली त्यांनीच, आणि झाकोळली तीही त्यांनीच. पण त्या काळी उपलब्ध असलेले उत्तमातले उत्तम ज्ञान त्यांनी वापरले होते. यावरून एवढे शिकावे की जुन्या वस्तूवर असे काही लावू नये, जे पुढच्या पिढीला काढता येणार नाही. हा नियम चित्रांना लागू आहे, तसा पर्यटनस्थळी बांधलेल्या हॉटेलांना आणि रस्त्यांनाही लागू आहे.

वाणिज्यचा विद्यार्थी म्हणून मला याझदानींच्या खात्याचे वार्षिक अहवाल फार आवडले. त्यांवर फसली सन आणि इसवी सन दोन्ही असतात. १३२४ फसली म्हणजे १९१४-१५. त्यांत वर्षभरात काय पाहिले, काय दुरुस्त केले याची हकीकत असते आणि शेवटी कोणत्या वास्तूवर किती रुपये खर्च झाले याचा तक्ता असतो. विद्वान माणसे हिशेबाला कंटाळतात, असे आपण म्हणतो. याझदानींनी विद्वत्ता आणि हिशेब एकाच जिल्दीत बांधले.

त्या तक्त्यांपुढे बसल्यावर मला आमच्या हिशेबशास्त्रातला एक शब्द आठवला, तो म्हणजे घसारा. कारखान्यातले यंत्र रोज थोडेथोडे झिजते. ती झीज नफ्यातून वजा केली नाही तर कागदावर नफा दिसतो आणि प्रत्यक्षात भांडवल खाल्ले जाते. पर्यटनस्थळाचेही असेच आहे. तिकिटे किती विकली, खोल्या किती भरल्या, टॅक्सीवाल्याला आणि खानावळीला किती मिळाले हे सारे जमेच्या बाजूला लिहिले जाते. पण लेण्यात शिरलेला प्रत्येक माणूस श्वासाबरोबर ओल आणि उष्णता आत नेतो, पायांबरोबर धूळ नेतो. भिंतीची ती झीज कोणत्या वहीत लिहायची?

फ्रान्समधल्या लास्को गुहेची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९४० साली ही आदिमानवाची चित्रगुहा सापडली आणि १९४८ साली ती लोकांना खुली झाली. रोज हजाराहून अधिक माणसे येऊ लागली. श्वासातल्या कर्बवायूने आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरले. अखेर १९६३ साली गुहा बंद करावी लागली. आता लोक शेजारी बांधलेली तिची प्रतिकृती पाहतात, ती १९८३ साली खुली झाली. पंधरा वर्षांत भांडवल संपवण्याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

अजिंठ्याच्या बाबतीत आपण वेळीच थोडे सावध झालो. आता खासगी गाड्या लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढे बसने जावे लागते. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, सोमवारी लेणी बंद असतात. लोक कुरकुर करतात. मीही कॉलेजच्या सहलीत पहिल्या लेण्याबाहेर रांगेत उभा असताना काहींना कुरकुरताना ऐकले. पण आत गेल्यावर, अर्धवट अंधारात, कमळ धरलेला तो पद्मपाणी हळूहळू डोळ्यांपुढे उजळला तेव्हा सारे एकदम गप्प झाले. त्या शांततेची किंमत बाहेरच्या रांगेत भरलेली होती.

तेव्हा मामांच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. ताट उचलणे हे हलके काम नाही. पण आतिथ्य व्यवस्थापन तेथे सुरूही होत नाही आणि संपतही नाही. गच्चीबावलीच्या संस्थेत हे विषय शिकवतात तेव्हा खोल्यांचे भाडे कसे ठरवावे, स्वयंपाकघराचा खर्च कसा काढावा, पाहुण्याशी कसे बोलावे, हे शिकणे आवश्यकच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक तास असावा असे मला वाटते. आपण ज्या घरात पाहुणा बोलावतो आहोत ते घर कोणी बांधले, कोणी राखले, त्याला रोज किती माणसे सोसतील, हे त्या तासाला शिकवावे.

या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या माझ्यासारख्या मुलांना मी एवढेच सुचवीन की प्रवेशअर्ज भरण्याआधी एकदा पब्लिक गार्डनमधल्या त्या दालनात जाऊन यावे, आणि ग्रंथालयात याझदानींचा एखादा भाग मागून घ्यावा. तो जड आहे, घरी नेता येत नाही, तेथेच बसून पाहावा लागतो. त्यातले एक चित्र निवडून त्याची कथा नीट वाचावी. उद्या एखादा पाहुणा आपल्याला विचारील की या भिंतीवर काय आहे, तेव्हा निदान त्या एका चित्रापुरते तरी आपल्याला उत्तर देता आले पाहिजे.